व्यक्तीचे लक्ष्य पुरे होते, विभागाचे हुकते : फळ्यावर कोणता आकडा लिहावा?

मायक्रॉन :

नमस्कार. चाकण परिसरातील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात गिअर ब्लँक (दाते पाडण्याआधीचे गिअरचे गोल तुकडे) कातणाऱ्या विभागाचे काम मी गेली चार वर्षे पाहते. चार सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातण्याची मशीन), तीन पाळ्या, दर पाळीला चार ऑपरेटर आणि मशीन जुळवून देणारा एक सेटर, असे पंधरा जण विभागात आहेत. दिवाळीपर्यंत आमच्याकडे सुपरवायझर दर दोन तासांनी फेरी मारून नग मोजत असे, आणि नग कमी भरले की संबंधिताला सर्वांसमोर ऐकून घ्यावे लागे. दिवाळीनंतर मी ती फेरी बंद करवली. प्रत्येकाने पाळीच्या सुरुवातीला आपले लक्ष्य आपणच ठरवावे, मशीनशेजारच्या फळ्यावर ते लिहावे, तासातासाला झालेले नग स्वतःच्या हाताने नोंदवावेत आणि कमी पडत असतील तर कारण शोधून स्वतःच मार्ग काढावा, अशी पद्धत सुरू केली. माणसाला आपल्या कामावर आपणच नजर ठेवू दिली की बाहेरचा धाक लागत नाही अशी माझी समजूत होती, आणि पहिले दोन महिने ती खरी ठरली. लोकांनी आपणहून लिहिलेली लक्ष्ये मी ठरवली असती त्यापेक्षा चढीच होती.

तिसऱ्या महिन्यापासून चमत्कारिक प्रकार दिसू लागला. फळ्यांवर जवळपास प्रत्येकाचे लक्ष्य पुरे झालेले असते, पण विभागाचे पास झालेले नग मात्र घटलेले असतात, आणि नापास मालातला बराचसा भाग पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातला असतो. दोन आठवडे मी दुपारी दोनच्या पाळीबदलाला मशीनपाशी उभी राहिले, तेव्हा उलगडा झाला. आमच्या जॉबच्या (कातायच्या तुकड्याच्या) बोअरला, म्हणजे मधल्या छिद्राला, २१ मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापातला चालणारा फरक, आहे; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इन्सर्टची, म्हणजे कातणाऱ्या पात्याची, कड झिजत जाते तसतसे बोअर लहान येऊ लागते आणि ऑपरेटर पाच-पाच मायक्रॉन ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) देऊन ते सांभाळून घेतो. एका मर्यादेनंतर कड फिरवावीच (इन्सर्टची नवी कड पुढे आणावीच) लागते, आणि पहिला जॉब मोजून ऑफसेट नव्याने लावेपर्यंत त्यात आठ-दहा मिनिटे जातात. पाळी संपायला अर्धा तास उरला असताना ही मिनिटे खर्च करायला कोणी तयार नसतो. तो ऑफसेट देत देत आपले नग पुरे करतो आणि मशीन पुढच्याच्या हवाली करतो. पुढचा आल्या आल्या कड फिरवतो खरा, पण आधीच्याने साठवत नेलेला ऑफसेट काढायचा राहिला तर नव्या कडेने बोअर मोठे येते. लहान आलेले बोअर पुन्हा कातता येते. मोठे आलेले थेट भंगारात जाते.

यात कामचुकार कोणीच नाही, हीच माझी अडचण आहे. पंधराच्या पंधरा जण आपापल्या फळ्याशी प्रामाणिक आहेत. म्हणून विचारते : एका व्यक्तीची स्वयंप्रेरणा आणि गटाची स्वयंप्रेरणा या एकाच जातीच्या गोष्टी आहेत का? फळ्यावर व्यक्तीऐवजी गटाचा आकडा लिहिला तर जे मनापासून काम करतात त्यांची ईर्षा थंडावेल का? वरून ‘फेरी पुन्हा सुरू करा’ असा आग्रह सुरू झालेला आहे आणि मला तो टाळायचा आहे.

जुना सेटर :

पस्तीस वर्षे सेटिंग केले आहे, तेव्हा आपल्या लोकांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. शेवटच्या अर्ध्या तासात मीही ऑफसेटवरच मशीन ओढलेले आहे. माझे म्हणणे असे की, कड केव्हा फिरवायची हा निर्णय पाळी संपता संपता ऑपरेटरच्या मनावर सोडणे हीच मूळ चूक आहे. घड्याळाकडे आणि फळ्याकडे एकाच वेळी पाहणारा माणूस त्या घटकेला कडेकडे पाहणार नाही. आपल्या जॉबला एक कड किती नग देते हे आपल्या सेटरला तोंडपाठ असेल. समजा १२० देते, तर काउंटरवर १२० आले की पाळी कोणाचीही असो, कड फिरलीच पाहिजे. बहुतेक मशीनच्या कंट्रोलमध्ये टूल लाइफची, म्हणजे ठरलेले नग झाले की इशारा देण्याची, सोय असते. ती चालू करून ठेवा, म्हणजे वादच नको.

दुसरे असे की, मशीन सोडताना ‘या कडेवर किती नग झाले आणि ऑफसेट किती दिला’ हे दोन आकडे मशीनच्या दाराच्या काचेवर मार्करने लिहायला लावा. आमच्या वेळी हे तोंडी सांगितले जाई, पण बस गाठायच्या घाईत निम्मे सांगायचे राहून जाई. मानसशास्त्र जाणकारांनी सांगावे. मला त्यातले कळत नाही.

अंतर्वर्तुळ :

जुना सेटर यांनी नकळत मानसशास्त्रच सांगितले आहे, त्याकडे शेवटी येतो.

स्वनियमनाचे एक साधे चित्र चार्ल्स कार्व्हर आणि मायकेल शायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडले. पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा पातळी खाली गेली की नळ उघडतो आणि पातळी गाठली की बंद करतो. तसाच माणूसही ठरवलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांतले अंतर पाहून जोर वाढवतो किंवा सैल सोडतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांना हे चित्र अपुरे वाटले. गोळा आपली पातळी आपण वाढवत नाही, माणूस वाढवतो. एक लक्ष्य गाठले आणि आपल्याला हे जमते असा विश्वास बसला की तो पुढचे लक्ष्य आपणहून चढे ठेवतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या विभागातील लोकांनी पहिल्या दोन महिन्यांत जे केले ते याच प्रकारात मोडते. नेमक्या आणि अवघड लक्ष्याची ताकद एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी अनेक वर्षे अभ्यासली. लॅथम यांचा १९७५ चा ओक्लाहोमातील प्रयोग प्रसिद्ध आहे. लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या साधारण ६० टक्केच भरले जात होते. ‘जमेल तितके भरा’ हे सांगणे सोडून चालकांना ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिले, ते हुकले तरी शिक्षा नाही असे सांगितले, आणि भरणा ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन स्थिरावला. जादा पैसा मात्र कोणालाच दिलेला नव्हता.

आता आपला खरा प्रश्न. ट्रक भरणाऱ्याचे काम बऱ्याच अंशी त्याच्यापाशीच संपते. आपल्या ऑपरेटरचे काम पुढच्या पाळीच्या हातात जाऊन संपते, आणि तिथे दोन गोळे एकाच नळाला बांधल्यासारखी स्थिती होते : एक स्वतःच्या नगांचा, दुसरा विभागाच्या नगांचा. रिचर्ड डीशॉन, स्टीव्ह कोझलोव्हस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच पेचावर आहे. रडारवरील लक्ष्ये हाताळण्याच्या एका सराव-खेळात त्यांनी तिघातिघांचे संघ बसवले. काहींना केवळ वैयक्तिक कामगिरी कळवली, काहींना केवळ संघाची, तर काहींना दोन्ही. ज्यांना वैयक्तिक आकडा मिळाला ते वैयक्तिक कामात सरस ठरले आणि ज्यांना संघाचा मिळाला त्यांचा संघ सरस ठरला. दोन्ही आकडे मिळालेल्यांना दोन्हीकडे पहिला क्रमांक गाठता आला नाही, कारण लक्ष ही गाठीशी असलेली एकच पुंजी आहे आणि ती इकडे खर्च झाली की तिकडे कमी पडते. म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की यंत्रणा एकाच जातीची आहे, मात्र ती कोणत्या आकड्याला बांधायची हे फळा ठरवतो. आपण पंधरा फळे लावले आणि पंधरा उत्तम व्यक्ती मिळाल्या. ज्या अर्ध्या तासाला कोणाचाच फळा नाही, तिथे माल बिघडतो आहे.

ईर्षा थंडावण्याची भीती निराधार नाही. माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्यांवर केलेली मोजमापे १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली. माणसे वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी भरत गेला. पुढे बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये टाळ्या वाजवण्याच्या आणि ओरडण्याच्या प्रयोगांतही हेच दाखवले. मात्र त्याच मंडळींना पुढे असेही आढळले की प्रत्येकाचा वाटा ओळखता येत असेल तर ही सुस्ती दिसत नाही. तेव्हा वैयक्तिक नोंद पुसू नये. ती ज्याची त्याच्या वहीत राहावी आणि फळ्यावर विभागाचे पास नग यावेत. अट एकच : पाळी बदलल्यानंतर येणारे पहिले दहा नग आधीच्या पाळीच्या खात्यात धरावेत. पुढच्याला दिलेले मशीन कसे होते, याचा आकडा देणाऱ्याकडे परत आला पाहिजे.

सेटरसाहेबांच्या १२० नगांच्या नियमाविषयी : पीटर गोलवित्झर यांनी १९९९ मध्ये ‘जर असे झाले, तर मी तसे करीन’ अशा आधीच बांधून ठेवलेल्या निश्चयांची ताकद मांडली. ऐनवेळी विचार करावा लागत नाही, खूण दिसताच हात चालतो.

खर्डेघाशी :

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, पण गटाचा आकडा फळ्यावर लावण्याच्या सल्ल्याला माझी हरकत आहे, आणि ती अनुभवातून आलेली आहे. मी कागदपत्रे पडताळणाऱ्या एका कार्यालयात काम करत असे. तिथे आठ जणांच्या गटाला एकत्र लक्ष्य आणि एकत्र बोनस होता, साहेब कधी फिरकतही नसे. सुरुवातीला ते स्वातंत्र्य वाटले. चार महिन्यांनी स्थिती अशी झाली की डबा खाऊन परतायला पाच मिनिटे उशीर झाला तरी सात जणांच्या नजरा घड्याळाकडे वळत. आमच्यातील एकाची आई रुग्णालयात होती. त्याच्या रजेचा हिशेब साहेबाने कधी विचारला नाही, आम्ही मात्र विचारला. हे सांगताना मला आजही बरे वाटत नाही.

जेम्स बार्कर या संशोधकाने अमेरिकेतील एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यातील स्वयंशासित गटांचा दीर्घकाळ अभ्यास करून १९९३ मध्ये हेच लिहिले. साहेब काढून घेतल्यावर गटांनी आपल्या मूल्यांवर एकमत केले, मग त्या मूल्यांचे नियम केले, आणि ते नियम जुन्या साहेबापेक्षा काटेकोर निघाले. साहेबाला चुकवता येते, समजावता येते; सतत शेजारी बसलेल्या सात जणांना चुकवता येत नाही. आपल्या पहिल्या दहा नगांच्या हिशेबात हाच धोका आहे. मशीन घेणारा मोजमाप करून देणाऱ्याचे उणे शोधू लागला, की पाळीबदल म्हणजे रोजची पंचायत होईल.

आकड्याबद्दलही एक सावधगिरी हवी. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डिनिसी यांनी १९९६ मध्ये ६०७ तुलना एकत्र करून पाहिल्या, तेव्हा कामगिरी कळवल्याने सरासरी फायदा झाला असला तरी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ती खालावली होती. कळवलेल्या आकड्याने लक्ष कामावरून उठून ‘मी कसा दिसतो’ याकडे गेले की घसरण होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. चव्हाट्यावरचा फळा हे काम हमखास करतो.

आणि पंधरा जणांत शिकाऊ किती आहेत हे आपण लिहिलेले नाही. रूथ कॅन्फर आणि फिलिप ॲकरमन यांनी १९८९ मध्ये अमेरिकी हवाई दलातील नवशिक्यांना विमान-नियंत्रणाचे एक नकली काम शिकवताना पाहिले की शिकण्याच्या पहिल्या टप्प्यातच अवघड लक्ष्य दिले तर ते लक्ष्य सांभाळण्यातच बुद्धी खर्ची पडते आणि काम शिकायचे राहते. हात बसल्यावर तेच लक्ष्य उपयोगी पडते. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या मुलाच्या फळ्यावर पहिले काही आठवडे आकडाच नसावा.

साबरमती :

मी अहमदाबादेत वाढलेला मराठी माणूस आहे, आणि या चर्चेत आमच्या गावचा दाखला यायला हवा असे वाटले. कामाच्या ठिकाणचे मानवी संबंध अभ्यासणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये कॅलिको मिलच्या स्वयंचलित मागांच्या खात्यात आले. नवे माग बसवूनही उत्पादन मनासारखे येत नव्हते आणि कापड खराब होण्याचे प्रमाण मोठे होते. राइस यांनी पाहिले की विणणारा, बॅटरी (मागाला धाग्याच्या कांड्या पुरवणारा साठा) भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, तेलपाणी करणारा अशी कामे बारा प्रकारांत वाटली गेली आहेत आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणाऱ्या मागांची संख्या वेगळी आहे. त्यामुळे एका मागावर हात असलेले लोक एकमेकांचे गट होऊच शकत नव्हते. अमुक मागांचा एक जथा आणि त्यांची पूर्ण जबाबदारी एका छोट्या गटाकडे, अशी कल्पना त्यांनी मांडली. पुढची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते : व्यवस्थापन आराखडा काढत बसण्याआधीच कामगारांनी ती उचलली आणि कोण कोणाबरोबर काम करणार हे आपापसात ठरवून गट उभे केले. सुरुवातीच्या चढउतारांनंतर उत्पादन वाढले आणि खराब कापड घटले.

म्हणून खर्डेघाशी यांच्या अनुभवाविषयी एक विचारावेसे वाटते. आपल्या कार्यालयात गटाला लक्ष्य मिळाले होते. पण काम कसे वाटायचे, रजा आली तर लक्ष्य किती खाली घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार मिळाला होता का? नसेल, तर बोजा गटाचा आणि चाव्या साहेबाच्या, असे ते झाले.

हा दाखला पूर्णपणे गोडही नाही. राइस यांचे सहकारी एरिक मिलर यांनी १९७० मध्ये त्या गिरणीत पुन्हा जाऊन पाहिले आणि १९७५ मध्ये त्यावर लिहिले. एका खात्यात गटपद्धत इतक्या वर्षांनंतरही टिकून होती, कामगिरीही उतरलेली नव्हती. अन्यत्र मात्र ती विरत गेली होती, आणि त्यांत राइस यांचे ते स्वयंचलित मागांचे खातेही होते.

दुपारचा डबा :

मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला व्यवस्थापनाच्या वर्गांत वापरून वापरून गुळगुळीत झालेला आहे, तरी यातली एक बाजू इथे लागू पडते म्हणून थोडक्यात लिहितो. एक डबा घरापासून कचेरीपर्यंत जाताना अनेक हात बदलतो, त्यामुळे ‘मी पोहोचवलेले डबे’ असा कोणाचा स्वतंत्र आकडा निघतच नाही. मुकादमाच्या हाताखालचा गट मिळकत वाटून घेतो, आणि कोणी आजारी पडला तर त्याची लाईन सांभाळायला गटात जादा माणूस ठेवलेला असतो. श्री. खर्डेघाशी यांच्या आठ जणांत तो नववा माणूस नव्हता, असे मला वाटते.

मायक्रॉन :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला पाच आठवडे लावले, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहायचे नव्हते.

साबरमती यांचा प्रश्न वाचून प्रथम मी स्वतःलाच तपासले, आणि लक्षात आले की लक्ष्य ठरवण्याचा अधिकार मी लोकांना दिला होता, पण कड बदलण्यात गेलेली दहा मिनिटे लक्ष्यातून वजा करण्याचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. तीनही पाळ्यांच्या लोकांना एकत्र बसवणे सोपे नव्हते. शेवटी एका रविवारी, मशीनच्या देखभालीसाठी काम बंद असताना, ते जमले. मी पाळीबदलातल्या भंगाराचे आकडे मांडले आणि उपाय सुचवला नाही. रात्रपाळीच्या सेटरने सांगितले की कड फिरवण्याचा वेळ नगांत धरणार असाल तर बोलण्यात अर्थ आहे, नाहीतर चहा घेऊन जातो. तो वेळ आता धरला जातो.

१२० नगांचा नियम त्यांनी घेतला, पण ११० वर आणला. सेटरांच्या मते शेवटच्या दहा नगांत कडेचा भरवसा नसतो. पहिले दहा नग आधीच्या पाळीच्या खात्यात धरण्याचा प्रयोग आम्ही फक्त दोन मशीनवर केला, आणि खर्डेघाशी यांचे भाकीत पहिल्याच आठवड्यात खरे ठरले. दुपारच्या पाळीचा एक ऑपरेटर एअर गेज (हवेच्या दाबावर बोअर मोजणारे साधन) घेऊन आधीच्याचे शेवटचे जॉब मोजू लागला आणि दोघांची चांगलीच जुंपली. तेव्हा गटानेच असे ठरवले की शेवटचा जॉब दोघांनी मिळून मोजायचा आणि मगच मशीन सोडायचे. यात तीन-चार मिनिटे जातात. या दोन मशीनवर पाळीबदलातले भंगार उतरले आहे; उरलेल्या दोन मशीनवर टूल लाइफचा नियम असूनही तितके उतरलेले नाही. पाच आठवड्यांवरून मी यापेक्षा जास्त बोलणार नाही. दोन शिकाऊ मुलांच्या फळ्यावरचा आकडा काढून टाकला आहे. फेरी सुरू करण्याचा आग्रह महिनाअखेरपर्यंत थांबला आहे.

जुना सेटर यांच्या सांगण्यावरून दाराच्या काचेवर दोन आकडे लिहिले जातात : कडेवर झालेले नग आणि दिलेला ऑफसेट. गेल्या बुधवारपासून तीन नंबरच्या मशीनवर तिसरा आकडा दिसतो आहे, कूलंट (कातताना थंडावा देणारे द्रव) किती लिटर भरले त्याचा. तो लिहायला मी सांगितलेले नव्हते, आणि कोणी सुरू केला हे अजून विचारलेले नाही.